दिवा आपल्या घरी, धूर कुणाच्या दारी?

आरोग्याच्या सदरात विजेचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आरोग्य केंद्रातील लशी २ ते ८ अंश तापमानात जपायला वीजच लागते. दमेकऱ्याला वाफ देणारे यंत्रही विजेवरच चालते. वीज हवीच, ती कशापासून करायची, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक वीज आजही कोळशावर होते. एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. महिन्याला १०० युनिट, सगळी औष्णिक धरली, तर ६०-७० किलो कोळसा आणि मागे वीस-पंचवीस किलो राख! सोमाटण्याच्या माझ्या दवाखान्यात मी दमेकऱ्याला चूल, विडी, रस्त्यावरची धूळ यांबद्दल विचारतो. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो.

राख पकडणारी यंत्रे असतात. पण गंधकाचा वायू त्यांतून निसटतो आणि हवेत त्याचेच सूक्ष्म कण बनतात. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असे हे कण फुप्फुसात खोल उतरतात व रक्तातही शिरतात. दमा, जुना खोकला, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका त्यामुळे वाढतो. या वायूवर मर्यादा घालणारे निकष २०१५ मध्ये आले. २०२५ मध्ये मात्र बहुतेक केंद्रांना तो शोषणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. डॉक्टर म्हणून मला ही सूट पटत नाही. यंत्रणेचा वाचलेला खर्च शेवटी औषधांच्या दुकानात भरावा लागतो.

धुराविना वीज आपल्या मावळाला नवी नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली नेऊन टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज केली. तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२२ मध्ये आंदर मावळातील ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरी, १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा केंद्र सुरू झाले. तलाव दरवर्षी पाऊसच भरतो. पण मुळशीत गावे आणि भातखाचरे बुडाली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व सेनापती बापटांनी केले. घरातून उठवलेल्या माणसाची प्रकृतीही खचते. तेव्हा अक्षय वीज म्हणजे निर्दोष वीज, असे समजू नये.

छपरावरच्या सौर विजेसाठी मात्र कुणाचे गाव उठवावे लागत नाही. सुमारे १०० चौरस फुटांत एक किलोवॅटची पॅनेल बसतात व दिवसाला सरासरी चार युनिट देतात. लहान कुटुंबाला तेवढे पुरते. मावळच्या पावसाळ्यात ती कमी आणि रात्री शून्य, हेही खरे. म्हणून दिवसा ऊन, संध्याकाळी तलावांचे पाणी, अशी सांगड घालावी.

कोळसा उद्याच बंद करा, असे मी म्हणणार नाही. इस्पितळे अंधारात जातील. पण वाढती गरज ऊन-वाऱ्यातून भागवावी आणि चालू धुराड्यांना यंत्रणा सक्तीची करावी.

आपल्यापुरते सांगायचे तर साठ वॉटचा जुना बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावा. छप्पर असेल तर २०२४ पासूनच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेची चौकशी करा. तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. मोडके पॅनेल उकिरड्यावर टाकू नका, त्यात शिसे असू शकते. आणि खोलीबाहेर पडताना बटण बंद करा. कुठल्यातरी अनोळखी मुलाच्या छातीवरचा भार तेवढाच हलका होईल.