दोन बटणं आणि एक गुडघा

मंडळी, एक गुपित सांगते. अमेरिकन फुटबॉलशी माझी पहिली ओळख झाली ती सुपर बोलच्या एखाद्या हाय-फाय पार्टीत वगैरे नाही हं. ती झाली महाडच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये! साल 2009, मे महिना, बाहेर अंगाची काहिली. आत तीन टीव्ही, तीन प्लेस्टेशन टू आणि एक कुरकुरणारा पंखा. तासाला वीस रुपये. बोला!

माझं आजोळ पोलादपूरपासून थोडं आत. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तेव्हा सोळा वर्षांचा आणि मी बारा. मामी त्याला बाजाराला महाडला पाठवायची आणि मी शेपटासारखी मागे. बाजार अर्ध्या तासात आटपायचा. मग परतीची एसटी चुकायची. (म्हणजे आम्हीच ती चुकवायचो!)

पार्लरमध्ये क्रिकेट आणि कुस्तीच्या गेमला कायम नंबर लागलेले. रिकामा असायचा तो फक्त कोपऱ्यातला टीव्ही. त्यावर हेल्मेट घातलेले दांडगट एकमेकांना धडाधड आपटत असायचे. गेमचं नाव 'ब्लिट्झ : द लीग'. आम्हाला नियमातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी दादाने निकाल देऊन टाकला, "अगं, ही तर कबड्डीच आहे! फक्त हातात बॉल आहे आणि दम धरायला नको."

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. खऱ्या अमेरिकन फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा खेळाडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि नियमांचं पुस्तक जाडजूड. 'मॅडन'सारखे गेम ते सगळं इमानेइतबारे दाखवतात. आर्केड गेमचा फंडा वेगळा. नाणं टाकलं की पहिल्या मिनिटात मजा यायला हवी, नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या मशीनकडे सरकतं. म्हणून 1997 मध्ये मिडवे कंपनीने 'एनएफएल ब्लिट्झ'चं मशीन आणलं, तेव्हा खेळाडू केले सात, दहा यार्डांचे केले तीस आणि फाउल-बिऊलची भानगडच काढून टाकली. 'एनबीए जॅम' बनवणारा मार्क टर्मेल यामागे होता. खेळाडू खाली पडल्यावरही त्याच्या अंगावर आणखी एक उडी मारता यायची. आणि पडलेला गडी? झटकून उभा!

सात जण, मध्ये रेषा, समोर पकड करायला टपलेले. रायगडच्या पोराला यात नवीन काय वाटणार? 2012 मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' सुरू झाली आणि त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ उतरला, तेव्हा दादाने मला खास फोन केला होता, "आपला गेम आला गं इंडियात!"

आमचा गेम मात्र थोडा वेगळ्या जातीचा होता. 2004 च्या डिसेंबरमध्ये ईए कंपनीने एनएफएलशी करार केला आणि खऱ्या संघांची, खेळाडूंची नावं वापरायचे हक्क फक्त तिच्याकडे गेले. मिडवेने काय करावं? पुढच्याच वर्षी चक्क काल्पनिक लीग काढली. आता एनएफएलची मर्जी सांभाळायची गरज नव्हती, त्यामुळे सगळं मोकाट. खेळाडू जखमी झाला की स्क्रीनवर एक्स-रेसारखं आतलं हाड मोडताना दिसायचं. आणि मग तुमच्यापुढे दोन पर्याय यायचे. एक, त्याच्यावर उपचार करा. दुसरा, त्याला 'ज्यूस' द्या.

"ज्यूस म्हणजे काय गं?" दादाने विचारलं. मी इंग्लिश मीडियमची, मान ताठ करून म्हणाले, "ज्यूस म्हणजे ज्यूस!" आम्हाला वाटलं, बिचाऱ्याला लिंबू सरबत पाजतायत. दादा दर वेळी तेच बटण दाबायचा. खेळाडू टुणकन मैदानात परत! पुढे तोच खेळाडू आणखी वाईट मोडायचा, पण तोवर आमचा तास संपत आलेला असायचा.

तो ज्यूस म्हणजे ड्रग्ज, हे मला कळलं मास कॉमच्या पहिल्या वर्षाला. त्यापायीच ऑस्ट्रेलियाने या गेमला परवानगी नाकारली होती, हेही तेव्हाच कळलं. आणि मला हसू आलं नाही. कारण त्याआधीच एक डिसेंबर होऊन गेला होता.

2014 चा डिसेंबर. त्याच जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली होती आणि आमच्याकडच्या प्रत्येक चढाईपटूला टीव्हीची स्वप्नं पडत होती. दादा त्यांतलाच एक. रात्रीचे सामने, मातीचं मैदान, हॅलोजनचा उजेड. सेमीफायनलमध्ये कुणीतरी त्याचा घोटा धरला. दादा वळला, गुडघा वळला नाही. त्याला बाजूला आणलं, स्प्रे मारला, क्रेप बँडेज आवळलं, हातात ग्लुकोजचा ग्लास दिला. कुणीतरी म्हणालं, "पाचच मिनिटं राहिलीत रे. जमेल ना?" मी हाताच्या अंतरावर उभी होते. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मीही म्हणाले, "जा!"

पुढच्या तिसऱ्या चढाईत तो पडला, आणि उठला नाही.

लिगामेंट, मुंबईत ऑपरेशन, आठ महिने घरी. डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदा मुरगळला तेव्हाच का नाही थांबलास?" दादा गप्प. मीही गप्प.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळा दोष गेमचा! मुळीच नाही. त्या मैदानावर आम्हा दोघांखेरीज कुणी तो गेम पाहिलाही नसेल. उलट मला तर आता तो वाह्यात गेमच जास्त प्रामाणिक वाटतो. 2011 पासून निवृत्त खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून एनएफएलवर खटले भरले. 2013 मध्ये 76 कोटी 50 लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. त्याच सुमारास, 2012 मध्ये, ईएने 'एनएफएल ब्लिट्झ' नव्याने आणला, तेव्हा पडलेल्यावर उडी मारायची सोय गायब होती. 2022 मध्ये घरात ठेवायचं जुन्या गेमचं मशीन निघालं, त्यातूनही तेच कापलेलं. मार स्वच्छ झाला, छान झाला. पण मोडलेलं हाड दाखवून "आता याचं काय करायचं?" असं तोंडावर विचारणारा गेम एकच होता. आम्हीच उत्तर हसत हसत दिलं.

आणि बॉस, ते बटण आपल्या ऑफिसातही असतंच की! अंगात ताप, गोळी गिळायची, प्रेझेंटेशन उरकायचं. "एवढा आठवडा काढ ना, मग घे सुट्टी." दाबणारेही आपण आणि शेजारी उभं राहून "जा" म्हणणारेही आपणच.

दादा आता महाडच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना कबड्डी शिकवतो. गेल्या मे महिन्यात मी गेले होते. मॅच रंगात आलेली, आणि त्याचा सगळ्यात चपळ पोरगा लंगडत बाहेर आला. "काही नाही झालं दादा, खेळतो मी." दादाने त्याला शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. दोन गुणांनी हरले. पोरगं रडरड रडलं.

परत येताना मी टपरीवर थांबून तिघांसाठी लिंबू सरबत घेतलं. दादाने ग्लास उचलला, माझ्याकडे बघून म्हणाला, "ज्यूस?"

म्हटलं, "ज्यूस म्हणजे ज्यूस."