मैदानाचे कुलूप आणि अर्धशक्ती

राळेगणसिद्धीस जाणारा पाहुणा पाझर तलाव व नालाबांध पाहून परततो. आम्हांस तेथील शाळा अधिक बोलकी वाटते. इतरत्र नापास ठरलेल्या मुलांना तिने प्रवेश दिला आणि अभ्यासाच्या जोडीला व्यायामाची व श्रमाची शिस्त लावली. या गावाने दारूच्या भट्ट्याही बंद केल्या. व्यसन सुटले की वेळ मोकळा होतो. तो सत्कारणी लावण्यास मैदान लागते.

असा घडलेला विद्यार्थी पुढे विद्यापीठात जातो, तेव्हा त्याच्या वाट्यास काय येते? 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलास दिले गेले, हे भूषणावहच आहे. परंतु पारनेर तालुक्यातील विद्यार्थी रोज सायंकाळी तेथे जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे त्याच्या महाविद्यालयाचे अंगण.

आमच्या विद्यार्थिदशेत त्या अंगणास कुलूप असे. आंतरमहाविद्यालयीन सामने जवळ आले की निवडक खेळाडूंसाठी ते निघे. उरलेले आम्ही सारे 'स्वस्थवृत्त' विषयात व्यायामाचे गुण पाठ करीत असू: लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी, मेदक्षय. कपाळी व काखेत घाम आणि मुखाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे आम्ही उत्तरपत्रिकेत अचूक लिहिली. अंगावर क्वचितच अनुभवली. आज रुग्णास व्यायाम सांगताना ती उणीव आम्हांस टोचते.

विद्यापीठीय क्रीडेचे यश केवळ पदकांनी मोजले जाते, हे आमच्या मते दोषाचे मूळ होय. शास्त्राने व्यायाम दिनचर्येत सांगितला आहे. तो मोजक्या खेळाडूंपुरता नाही. वय, बल, ऋतू व आहार पाहून मात्रा ठरवावी आणि अतिव्यायाम टाळावा, हे शिकवण्यास आयुर्वेद महाविद्यालयाइतके योग्य स्थान दुसरे कोणते?

म्हणून आमचे सांगणे असे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी सकाळ-सायंकाळ मैदान सर्वांस खुले ठेवावे. विद्यार्थिनींना निःसंकोच खेळता येईल अशी वेळ व व्यवस्था असावी. स्थानिक वैद्यांनी आठवड्यातून एक दिवस तेथे जाऊन स्वतःही घाम गाळावा. औषधालय-चालकांनी दिनदर्शिकांवरील खर्चातून कबड्डीची मॅट अथवा व्हॉलीबॉलची जाळी द्यावी. बलवर्धक चूर्ण मागणाऱ्या तरुणास डबा देण्यापूर्वी 'खेळतोस का?' एवढे तरी विचारावे. अग्नी मंद असता रसायन काय करणार?

कुलपाची किल्ली शोधण्याचे काम आपलेच आहे.