कारखानदारांनो, कन्व्हर्टरचे वाय-फाय आजच बंदिस्त करा

भोसरी-चाकणपासून बुटीबोरीपर्यंतच्या लघुउद्योजकांना, वजनकाट्यांच्या मालकांना आणि छपरावर सौर पॅनेल बसवलेल्या घरमालकांनाही हे तातडीचे आवाहन आहे. आपल्या यंत्राच्या सिरिअल पोर्टला आखूड अँटेनाची वाय-फायची डबी, म्हणजे ज्याला आपण नुसते ‘कन्व्हर्टर’ म्हणतो ती, लावलेली असेल, तर तिचे सुरक्षा सेटिंग आजची शिफ्ट संपण्याआधी तपासा. सौर इन्व्हर्टरच्या खाली खोचलेली डेटा लॉगरची कांडी हीसुद्धा त्याच जातीची वस्तू आहे.

सिरिअल पोर्टचे आरएस-232 हे मानक 1960 सालचे. त्यात पासवर्ड नाही, ओळख पटवणे नाही. त्या काळी त्याची गरजही नव्हती. जेमतेम पंधरा मीटरची केबल, तिचे एक टोक मशीनला आणि दुसरे आपल्याच कॉम्प्युटरला. 1979 मध्ये आलेल्या, यंत्रांना हुकूम देणाऱ्या मॉडबस या प्रोटोकॉलनेही हाच भरवसा धरला. हुकूम कोणी सोडला हे तो विचारत नाही, मुकाट पाळतो. म्हणजे केबल हीच सगळी सुरक्षा होती. केबलची कटकट नको म्हणून आपण ती काढली, डबी बसवली आणि सुरक्षा बसवायची राहून गेली.

खोक्यातून काढलेली डबी अनेकदा स्वतःचेच नेटवर्क सोडते, तेही बिनपासवर्डचे. सेटिंगच्या पानावर युजरनेम ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. बसवणारा येतो, सीएनसीचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून उतरला की “झालं साहेब” म्हणतो आणि बिल फाडतो. पुढे ते नेटवर्क कंपाउंडबाहेरच्या चहाच्या टपरीवरही दिसत राहते. प्रोग्रॅममधला एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर टूल थेट जॉबमध्ये घुसते. वजनकाट्यावर तर एवढेही करावे लागत नाही. कित्येक डब्या एका वेळी एकच कनेक्शन घेतात. ते भलत्याने धरून ठेवले की वजन कॉम्प्युटरवर येतच नाही आणि गेटबाहेर ट्रकांची रांग लागते.

“आमच्याकडे कोण कशाला येतंय?” हे उत्तर मला कारखान्यागणिक ऐकायला मिळते. 2013 मध्ये रॅपिड-7 या कंपनीच्या संशोधकांनी इंटरनेट धुंडाळले, तेव्हा अशी सिरिअल उपकरणे जोडणारे 1,14,000 हून अधिक पत्ते जगासमोर उघडे सापडले. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तिथला शिरकाव ई-मेलमधून झाला होता, वाय-फायमधून नव्हे. पण जाता जाता हल्लेखोरांनी उपकेंद्रांतल्या सिरिअल कन्व्हर्टरचे फर्मवेअरच पुसून निकामी केले. दूरवरून एकही स्विच हलेना, माणसे धाडून हाताने वीज जोडावी लागली.

आता कामाचे. सेटिंग बदलताना डबीला शक्यतो केबलने, सिरिअल किंवा लॅन, जोडून घ्या. वाय-फायवरूनच वाय-फायचे सेटिंग बदलायला गेलात आणि एक अक्षर चुकले, तर डबी हातातून जाते. मग टाचणीने रीसेट करावे लागते आणि रीसेट झाली की ती पुन्हा उघडीच्या उघडी. म्हणून आधी बॉड रेट, पॅरिटी, आयपी पत्ता हे सगळे कागदावर उतरवून ठेवा.

सुरक्षेच्या रकान्यात ‘ओपन’ किंवा ‘डब्ल्यूईपी’ दिसले तर तिथेच थांबा. डब्ल्यूईपीचे कुलूप 2001 मध्येच फुटले आहे. आज ते मोडायला काही मिनिटे पुरतात. ‘डब्ल्यूपीए-2’ निवडा, त्यात ‘टीकेआयपी’ नको, ‘एईएस’ हवे. डबी नवी असेल आणि ‘डब्ल्यूपीए-3’ देत असेल तर उत्तमच. राउटरवरही तेच हवे, नाहीतर दोघांचे जुळणार नाही. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. निदान वीस अक्षरे ठेवा. जुन्या डब्या चिन्हे आणि मोकळी जागा पाहून अडखळतात, त्यामुळे इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांवरच लांबी वाढवा. कारखान्याचे नाव आणि मोबाइल नंबर एवढे मात्र टाळा.

एक चूक वारंवार दिसते. डबी जुनी, तिला फक्त डब्ल्यूईपी येते, म्हणून अख्ख्या कारखान्याचा राउटर डब्ल्यूईपीवर आणला जातो. एका डबीपायी अकाउंट्सचा कॉम्प्युटरही उघड्यावर! ती डबी काढा आणि नवी मिळेपर्यंत केबलवर काम चालवा. नेटवर्कचे नाव लपवणे ही सुरक्षा नव्हे, तो मनाचा दिलासा आहे.

यानंतर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, डबीचे स्वतःचे नेटवर्क आणि टेलनेट बंद करा. राउटरवर मशीनसाठी वेगळे नेटवर्क काढा, कारण वाय-फायचे एन्क्रिप्शन राउटरपर्यंतच असते, पुढे डेटा उघडाच धावतो. घरबसल्या मशीन पाहता यावे म्हणून कोणी पोर्ट फॉरवर्डिंग करून दिले असेल तर ते आजच काढून टाका. लांबून पाहायचेच असेल तर व्हीपीएन घ्या.

शिरकावाची शंका आली तर कंपन्यांनी सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे, असा एप्रिल 2022 चा आदेश आहे. सगळे झाल्यावर डबीची वीज काढून परत लावा आणि मोबाइलवर नेटवर्कची यादी पाहा. बिनकुलपाचे नाव दिसता कामा नये. आणि यापुढे कन्व्हर्टर बसवून घेताना ‘डब्ल्यूपीए-2, एईएस, अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला’ एवढी ओळ बिलावर लिहून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.