विश्लेषण : चौकात उभ्या असलेल्या लढाऊ विमानाचा ‘सातबारा’ कसा शोधतात?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये सुरू झालेली त्यांची ६२ वर्षांची सेवा तिथे संपली. निवृत्त विमानं संग्रहालयं, शिक्षणसंस्था, उद्यानं आणि चौकांमध्ये ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे येत्या काही वर्षांत आणखी मिग-२१ अशा ठिकाणी दिसू शकतात.

पण समोर उभं असलेलं नेमकं ‘हे’ विमान कुठे बनलं? कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं? युद्धात गेलं होतं का? फलकावर अनेकदा फक्त प्रकाराचं नाव, वेग आणि लांबी-रुंदी असते. त्या एका विमानाचा इतिहास शोधणं हे वेगळंच काम आहे.

धावपट्टी उरली, विमानं गेली

शहाडला लागून असलेलं उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धात ‘कल्याण कॅम्प’ नावाची लष्करी छावणी होतं. त्याच काळात ब्रिटिशांनी जवळच्या नेवाळीत शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानतळ बांधला. ही जागा पुढे नौदलाकडे आली आणि जून २०१७ मध्ये त्यावरून शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं.

सात दशकांनंतरही जमिनीवर हक्क सांगता येतो, कारण तिची कागदोपत्री नोंद असते. महायुद्धातल्या विमानांचं तसं झालं नाही. युद्ध संपल्यावर जगभरात हजारो विमानं भंगारात गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांचे कागद त्यांच्यापासून तुटले.

शोध सुरू कुठून होतो?

पहिला धागा म्हणजे विमानावर रंगवलेला क्रमांक. भारतीय मिग-२१च्या क्रमांकाची सुरुवात बहुतेकदा ‘सी’ या अक्षराने होते. मात्र प्रदर्शनासाठी विमान पुन्हा रंगवताना क्रमांक पुसला जाऊ शकतो, चुकू शकतो किंवा दुसऱ्याच विमानाचा लिहिला जाऊ शकतो.

म्हणून दुसरा धागा महत्त्वाचा असतो, तो म्हणजे कारखान्याची धातूची पट्टी आणि सुट्या भागांवर ठोकलेले आकडे. इथेही गुंता असतो. दुरुस्तीत एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावले जातात.

तिसरा धागा कागदांचा. स्क्वाड्रनची दैनंदिन नोंदवही, विमानाचं लॉगबुक आणि वैमानिकाची उड्डाणवही. वैमानिक कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाच्या विमानातून उडाला हे त्या वहीत असतं. हे तिन्ही धागे जुळले, तरच विमानाची ओळख पक्की होते.

बनारसमध्ये सापडलेलं ‘हरिकेन’

याचं गाजलेलं उदाहरण भारतातलंच आहे. पीटर व्हॅचर हे ब्रिटिश गृहस्थ १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या शोधात भारतात फिरत होते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात त्यांना एक मोडकळीला आलेलं हॉकर हरिकेन दिसलं.

त्याचा क्रमांक निघाला आर ४११८. नोंदींशी ताडून पाहिल्यावर कळलं, की १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये ६०५ स्क्वाड्रनकडून या विमानाने ४९ मोहिमा केल्या होत्या. पुढे ते भारतात पाठवलं गेलं आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी विद्यापीठाकडे आलं. २००१ मध्ये ते ब्रिटनला परत गेलं आणि दुरुस्तीनंतर डिसेंबर २००४ मध्ये पुन्हा उडालं. क्रमांक हाती लागला नसता, तर ते नुसतं भंगार ठरलं असतं.

एक विमान, दोन गोष्टी

क्रमांक सापडला म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. पाकिस्तानी हवाई दलाच्या कराचीतल्या संग्रहालयात भारताचं नॅट विमान आहे, क्रमांक आयई १०८३. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात ते पाकिस्तानातल्या पसरूर इथे उतरलं. आमच्या स्टारफायटरने त्याला उतरायला भाग पाडलं, असं पाकिस्तान सांगतो. वाट चुकलेल्या वैमानिकाने ती धावपट्टी भारताची समजून विमान उतरवलं, असं भारतीय बाजू सांगते. विमान कोणतं याबद्दल वाद नाही. ते तिथे का उतरलं याबद्दल आहे.

गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात ‘सी हॉक’ आहे. १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून उडून याच प्रकारच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पण भारताची काही सी हॉक आधी पश्चिम जर्मनीच्या नौदलात होती. म्हणजे एकाच विमानाचे दोन देशांत दोन क्रमांक! त्यातलं प्रत्येक विमान १९७१ च्या हल्ल्यात होतं, असंही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रासाठी हे महत्त्वाचं का?

भारताने ८७० हून अधिक मिग-२१ वापरली. त्यांतली सहाशेहून अधिक देशात तयार झाली आणि त्याचं केंद्र होतं नाशिकजवळच्या ओझरचा एचएएल कारखाना. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून. सुरुवातीच्या काळात ओझरला रुजू झालेले कामगार आणि १९७१ मध्ये लढलेले वैमानिक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या वह्या, फोटो आणि आठवणी म्हणजे या विमानांच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. घर आवरताना त्या वह्या रद्दीत गेल्या, तर परत मिळणार नाहीत.

उपाय फार खर्चिक नाही. विमान ताब्यात घेणाऱ्या संस्थेने त्याचा क्रमांक, निर्मितीचं वर्ष आणि स्क्वाड्रनची यादी कागदपत्रांसोबतच मागून घ्यावी आणि फलकावर लिहावी. नव्याने रंग देण्याआधी मूळ क्रमांक आणि पट्ट्यांचे फोटो काढून ठेवावेत.

तुम्ही काय करू शकता?

शहाडहून दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठलं, की वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र जवळच आहे. तिथे एचएफ-२४ ‘मरुत’ हे भारतात बनलेलं लढाऊ विमान आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली त्याचं डिझाइन झालं, १७ जून १९६१ रोजी पहिलं उड्डाण झालं आणि एकूण १४७ विमानं बनली. पुढच्या वेळी तिथे सेल्फी काढाल, तेव्हा एक फोटो विमानावरच्या क्रमांकाचाही काढा. रंग बदलला, तरी तो फोटो पुरावा म्हणून राहील.