भांड्यावरचं नाव

गेल्या मे महिन्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, दिवाळीनंतर घर उतरवायला घेतोय. स्लॅबचं बांधायचंय. माळ्यावर आजीच्या वेळेपासूनचं सामान पडलंय. तुला आवड आहे म्हणून सांगतो, येऊन बघून जा. हवं ते घेऊन जा. नाहीतर एक माणूस येऊन सगळं उचलणारच आहे, रिसॉर्टवाल्यांना पुरवतो म्हणे असल्या वस्तू. आणि हो, येशील तेव्हा आधार कार्ड घेऊन ये, एक सही पण हवीय."

सहीचं मी अर्धवटच ऐकलं. मन केव्हाच गावी जाऊन पोचलं होतं. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं ते चिऱ्याचं घर! शेणाने सारवलेलं खळं, पडवीतला झोपाळा, माजघरातला तो गार काळोख आणि चुलीच्या धुराचा वास. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांचं माहेर ते. लेकीला सोबत घेतलं आणि निघाले.

माळ्यावर चढलो मात्र, आणि मी हरवूनच गेले. काय नव्हतं तिथे! तांब्याचा बंब, कड्यांचं घंगाळ, काळवंडलेले पितळी डबे, काच फुटलेला कंदील, रॉकेलच्या चिमण्या, काथ्याचं शिंकं, पीठ मळायची लाकडी काथवट, चुलीची फुंकणी, आरसा निखळलेली फणी-करंड्याची पेटी. एका कोपऱ्यात मापांची उतरंड होती. पायली, शेर, मापटं, चिपटं. लेकीला शिकवलं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. ग्रॅम-किलोत वाढलेली माझी पोर मापं एकात एक घालत बसली. "आई, हे घंगाळ आपण हॉलमध्ये ठेवू. पाण्यात फुलं सोडायची. किती एथनिक दिसेल!" मी तर तिच्याही पुढे गेले होते. खालच्या पडवीतलं जातं मी मनातल्या मनात आमच्या दिवाणखान्यात नेऊन, त्यावर गोल काच बसवून, टीपॉय करूनही टाकलं होतं.

काकू खाली पडवीत बसली होती. ऐंशीच्या घरातली. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी उत्साहाने म्हटलं, "काकू, हे जातं मी नेऊ?"

"ने गो बाय," ती म्हणाली, "एकदाचं नजरेसमोरून जाऊ दे."

मी चपापलेच. मला वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. तिने मात्र मला शेजारी बसवून हिशेब सांगितला. लग्न होऊन आली तेव्हा घरात चौदा माणसं. पहाटेचा कोंबडा आरवायच्या आत जात्यावर बसायचं. तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ. त्याआधी घिरटावर भात भरडायचं, मग वायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात, कांडायचं. सातवा महिना लागला तरी दळण चुकलं नाही. खुंटा धरून हाताला घट्टे पडलेले. तिने तळहात पुढे केला. घट्टे कधीच विरले होते, पण बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"पण ओव्या म्हणायचीस ना गं?" मी आशेने विचारलं.

"म्हणायची तर! नाही म्हटल्या तर दळता दळता झोप लागायची."

मैत्रिणींनो, मी बी. ए.ला मराठी घेतलं होतं. ओवीबद्दल पेपरात पानंच्या पानं लिहिली होती. हे उत्तर त्यात कुठेच नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, माहेरचा भाऊ आहे, सासूचा जाच आहे, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. बायांनी आपलं सगळं मन त्या दगडाला सांगितलं, कारण त्या वेळी ऐकणारं दुसरं कुणी जागं नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी मागे पडली, याची हळहळ आपण करतो. काकू म्हणाली, गिरणी आली त्या दिवशी तिने देवापुढे साखर ठेवली.

पितळेचंही तसंच. आईने सगळं पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले, म्हणून मी तिला कितीदा बोलले असेन! पण पितळ चिंच आणि राखेने रोज घासायचं कुणी? कल्हई उडाली की आमटी-ताक कळकायचं. मग कल्हईवाल्याची वाट बघायची. तो आला की भाता, निखारे, नवसागराचा धूर आणि कथलाचा तो चंदेरी हात. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. घरातल्या बाईला मात्र भांडी घासून त्याच्यापुढे मांडायची, मोजायची आणि पुन्हा घासून जागेवर लावायची असत. आईने स्टील घेतलं तेव्हा तिने रोजचा एक तास विकत घेतला होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळतंय.

एवढ्यात लेक माळ्यावरून एक फिरकीचा तांब्या घेऊन उतरली. "आई, यावर काहीतरी लिहिलंय." पदराने पुसला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. एका मुलीचं नाव आणि पुढे 'हिस वडिलांकडून'. असं नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. "कुणाचा गं हा, काकू?"

काकू थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा."

लग्नात तिचं नाव बदललं होतं. साठ वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. आम्हा पुतण्यांना तर ते माहीतही नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं तिच्यापाशीच राहू दे. पण मला एकदम लख्ख दिसलं की या अख्ख्या घरात तिचं ते नाव फक्त त्या तांब्यावर उरलं होतं. आणि तो तांब्या वजनावर विकला जाणार होता.

संध्याकाळी भावाने कागद पुढे ठेवला. हक्कसोडपत्र. आम्हा बहिणींनी सह्या करायच्या, दुसऱ्या दिवशी तालुक्याला दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदवायचं. "तुम्हाला काय इथे राहायचंय? कर्ज काढायला एकाचं नाव असलं की बरं पडतं." त्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. भाऊ वाईट नाही. घर त्याने सांभाळलं, काकूलाही तोच सांभाळतो. मी पेन हातात घेतलंसुद्धा. मनात होतं, जातं मिळतंय, घंगाळ मिळतंय, मला आणखी काय हवंय?

मग सवयीने कागद वाचला. सह्यांच्या यादीत सर्वांत वर काकूचं नाव होतं.

मी गेली पंधरा वर्षं आमच्या भागातल्या महिला सल्ला केंद्रात काम करते. सासरहून बाहेर पडलेली मुलगी येते तेव्हा तिची भांड्यांची यादी आम्ही करून घेतो आणि तिला सांगतो, 'बाई गं, हे तुझं आहे.' १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं चौदावं कलम तेच सांगतं. स्त्रीला वारशाने आलेलं, लग्नात भेट मिळालेलं, सगळं तिच्या पूर्ण मालकीचं. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्शात बायकोला मुलांइतकाच वाटा मिळतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. २००५च्या दुरुस्तीने हा हक्क देशभर आला आणि लग्नाची अट गेली. त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. हे सगळं मी बचत गटाच्या बायकांना पाठ म्हणून दाखवते. आणि स्वतः एका जात्याच्या बदल्यात न वाचता सही करायला निघाले होते!

पिढ्यान् पिढ्या हीच तर वाटणी चालत आलीय. घर मुलांना आणि आठवणी मुलींना. भांड्यावर बाईचं नाव आणि घराच्या उताऱ्यावर पुरुषाचं. त्या आठवणी आपण इतक्या प्रेमाने उराशी धरतो, की बाकीचं विचारायचं राहूनच जातं.

मी भावाला बाजूला घेतलं. म्हटलं, "माझ्या हिश्शाचं मी सावकाश ठरवीन, त्यावरून आपल्यात वाकडं येणार नाही. पण काकूची सही यात नको. ती तुझी आई आहे, तू तिला बघशीलच. तरी नव्या घरात तिचं नाव राहू दे." तो चिडला. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "तुझ्यावर आहे रे, पण उद्याचं कुणी सांगावं?" रात्रभर घरात कुणी धड बोललं नाही. काकूसुद्धा मलाच म्हणाली, "कशाला वाद घातलास?" सकाळी मात्र चहा घेताना भाऊ आपणहून म्हणाला, "कागद नव्याने करून घेतो. आईचं नाव ठेवतो." नोंदवलेलं हक्कसोडपत्र पुढे सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून एक रात्र अबोल्यात गेली त्याचं मला वाईट वाटत नाही.

तांब्या मी आणला नाही. चिंच लावून लखलखीत घासला आणि काकूच्या उशाशी पाणी भरून ठेवला. घंगाळ लेकीच्या हट्टाने आलं. आणि जातं आणलं, काकूने 'ने' म्हटलं होतं म्हणून. त्यावर काच मात्र बसवली नाही. लेकीला म्हटलं, आधी मूठभर तांदूळ दळून दाखव. दहा-बारा फेऱ्यांत तिचा दंड भरून आला. पीठ निघालं जेमतेम चमचाभर. ती घामाघूम होऊन म्हणाली, "चौदा माणसांचं, रोज?" त्या एका प्रश्नासाठी ते ओझं संगमेश्वरहून आणल्याचं सार्थक झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, या सुट्टीत गावी जाल, माळ्यावर चढाल, तर जुन्या वस्तू जरूर आणा. मोडीत जाण्यापेक्षा तुमच्याकडे त्या नक्कीच बऱ्या राहतील. फक्त आणण्याआधी त्यांच्यावर राबलेल्या बाईला, ती हयात असेल तर, शेजारी बसून दोन गोष्टी विचारा. भांडं उलटंसुलटं करून त्यावरचं नाव वाचा. आणि खाली उतरलात की घराच्या उताऱ्यावर ते नाव कुठे आहे का, तेही एकदा बघून घ्या.