काळी एक आणि चौदा महिने

गिटार क्लासच्या काउंटरवर मला पहिला प्रश्न आला, "काका, वीकडे बॅच की वीकेंड?" दुसरा आला, "कॅश की जीपे?" तिसरा प्रश्न नव्हताच. माझं वय तेव्हा एक्कावन्न. मागणी एवढीच, की घरी चार माणसं जमली की अरुण दात्यांची दोन-चार भावगीतं स्वतःच्या साथीवर म्हणता यावीत. तसं मी सांगायलाही गेलो. "हो हो, सगळं कव्हर होतं," म्हणत पोराने पावती फाडली. सगळं कव्हर होतं असं विम्याचा एजंटही म्हणतो.

बॅचमध्ये आम्ही अकरा जण. अकरा गिटारी म्हणजे सहासष्ट तारा. सर क्लिपचा ट्यूनर घेऊन एकेकाच्या खुंट्या पिळत फिरायचे. तासातली वीस मिनिटं त्यातच जायची. चौदा महिन्यांत एकालाही तार स्वतः जुळवायला शिकवली नाही. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला तंबोरा जुळवायला बसवतात. महिने लागले तर लागू देत, कान तयार होतो. इथे विद्यार्थ्याला जुळवता आलं असतं, तर त्या वीस मिनिटांत शिकवावं लागलं असतं. ही अडचण मी समजू शकतो.

मग आली एफ नावाची कॉर्ड. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी टाकायची आणि साही तारा एकदम दाबायच्या. माझी गिटार क्लासनेच गळ्यात मारलेली. तिच्या तारा बाराव्या पडद्यावर जवळजवळ पाच मिलिमीटर उंच होत्या. दोन-अडीच असाव्या लागतात, हे मला पुढे दुरुस्तीवाल्याने सांगितलं. तारा ज्या पांढऱ्या तुकड्यावर टेकतात तो त्याने काढला, खालून घासला, परत बसवला. पंधरा मिनिटांचं काम. तोवर सर सांगत होते, "घट्टे पडले की जमेल." घट्टे पडले. एफ मात्र रडतच राहिली. त्या गिटारीकडे चौदा महिन्यांत एकदा वाकून बघायला सरांना कुठला घट्टा आडवा आला, ते एक देव जाणे.

मुळात "मला गिटार शिकायचीय" हे वाक्यच अर्धवट आहे. "मला खेळ शिकायचाय" असं कुणी म्हणालं तर आपण विचारतो, कबड्डी की कॅरम? स्पॅनिश पद्धतीची शास्त्रीय गिटार म्हणजे नायलॉनच्या तारा, डावा पाय छोट्या पाटावर, उजव्या हाताची राखलेली नखं आणि स्टाफ नोटेशन. तिथे नोटेशन टाळून चालतच नाही, आणि ट्रिनिटीच्या एक ते आठ ग्रेडच्या परीक्षा तिथे शोभतात. ब्रिजभूषण काब्रांनी 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममध्ये वाजवली तीही गिटारच, पण मांडीवर आडवी ठेवलेली, बोटांऐवजी तारेवरून धातूचा तुकडा सरकवत. काब्रा शिष्य कुणाचे, तर सरोदवादक अली अकबर खाँचे. म्हणजे ज्याला राग वाजवायचाय त्याने गिटारीचा क्लास शोधण्याआधी रागाचा गुरू शोधावा. आणि माझ्यासारख्याला, ज्याला फक्त गाण्यामागे टेकू हवाय, त्याला यातलं काहीच नको. या सगळ्यांना एका खोलीत कोंबून एकच पुस्तक देणं म्हणजे दवाखान्यात येईल त्याला एकच लाल गोळी देण्यासारखं आहे.

क्लासवाले एकटे दोषी नाहीत. बाहेर बाकावर बसलेले आईबाप काय विचारतात? "सर्टिफिकेट मिळतं ना?" आमचा हा जुना आजार. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. भिंतीवर फ्रेम, आणि पाहुण्यांनी "म्हण ना काहीतरी" म्हटलं की विशारदबाई स्वयंपाकघरात. परीक्षेचा दोष नाही. पण जो पोरगा ग्रेडचे तीन तुकडे वर्षभर घोकतो आणि मित्राच्या वाढदिवसाला कुणी गाऊ लागलं की गिटार पिशवीत घालतो, त्याला नक्की काय शिकवलं?

वार्षिक कार्यक्रमात तर मजाच. स्टेजवर तीस पोरं, गळ्यात चकाकत्या इलेक्ट्रिक गिटारी, दणदणीत आवाज. मी विंगेत उभा होतो. एकाही गिटारीची वायर कशात खोचलेली नव्हती. लॅपटॉप वाजत होता. पालक मोबाइलवर शूटिंग करत होते.

इंटरनेटवरचे फुकट धडे? चांगले आहेत, काही तर फार चांगले आहेत. फक्त मोबाइलमधला माणूस तुमचा अंगठा कुठे चुकतोय ते बघत नाही. अर्थात, आमचे सरही बघत नव्हते.

शेवटी कॅम्पात एका चर्चमध्ये साथ करणाऱ्या गोवेकर म्हाताऱ्यांकडे गेलो. बॅच नाही, पाटी नाही. मी गिटार काढायला लागलो तर म्हणाले, "ती राहू दे. आधी गाऊन दाखवा." गायलो. त्यांनी माझा सूर तारेवर शोधला. "काळी एक. मग एफशी कशाला मारामारी करता?" ड्रॉवरमधून कॅपो काढला, चौथ्या पडद्यावर चिमटा लावला आणि ए, डी, ई या तीन सोप्या कॉर्ड्स धरायला लावल्या. ए पासून चार पडदे वर म्हणजे काळी एक. संपलं गणित. चौदा महिने मी पुस्तकातली पट्टी पांढरी एक असेल तर पांढरी एक, पांढरी पाच असेल तर पांढरी पाच, अशा परक्या पट्ट्यांत गळा ताणत होतो, आणि औषध तीनशे रुपयांचा चिमटा होता.

आता कुणी क्लासच्या डेमोला निघालं की मी एक खोडी सुचवतो. तिसरी तार मुद्दाम उतरवून न्या. सर ती न जुळवता शिकवायला लागले, तर चपला घालून जिना उतरा.

परवा जुन्या क्लासचा फोन आला. "काका, रिन्यू करताय ना? सहा महिन्यांच्या पॅकेजवर टी-शर्ट फ्री आहे." म्हटलं, माझी पट्टी कुठली, आहे का लिहिलेली? पलीकडे जरा शांतता. मग पोरगा म्हणाला, "पट्टीचं नाही माहीत काका. साइज सांगा, एक्सएल ना?"