उमेदवारी अर्जावरचा जमातीचा रकाना खोडून टाका!

मॉरिशसमधल्या मराठी बंधू-भगिनींनो,

१० नोव्हेंबर २०२४ ला मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. पडलेल्या सरकारच्या बाजूने चारांत एकाहून जास्त मतं होती. त्या मतांतून निवडून आलेला माणूस एकही नाही! १९८२ आणि १९९५ मध्येही असंच झालं होतं. अशा वेळी विरोधी बाकांवर चार माणसं बसवली ती 'बेस्ट लूजर'च्या जागांनी. १९८२ चे विरोधी पक्षनेते गाएतां द्युवाल आणि २०२४ चे जो लेजोंगार, दोघेही त्याच दाराने आत आले.

म्हणून मोठमोठी माणसं सांगतात, या पद्धतीला हात लावू नका. आम्ही म्हणतो, हात लावाच, आणि मराठी माणसाने तो सर्वांत आधी लावावा.

तरुण मतदारांसाठी थोडं उलगडून सांगतो. आपण ६२ सदस्य थेट निवडतो. त्यांवर जास्तीत जास्त आठ 'बेस्ट लूजर' जागा हरलेल्या उमेदवारांना मिळतात. त्या देताना राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टातल्या चार जमाती पाहतात: हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन', म्हणजे क्रिओलांसह उरलेले सगळे. ज्या जमातीला संख्येच्या मानाने जागा कमी पडल्या, तिच्यातला हरलेल्यांत सरस ठरलेला उमेदवार आत घेतात. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराला अर्जावर आपली जमात लिहावी लागते. लिहिली नाही तर अर्ज बाद. २०१४ मध्ये एका निवडणुकीपुरती सूट दिली आणि नंतर पुन्हा तीच सक्ती आणली.

ही संख्या कुठली, तर १९७२ च्या जनगणनेची! त्यानंतर जनगणनेत जमात विचारणंच बंद झालं आणि १९८२ मध्ये घटना बदलून तोच जुना आकडा कायम केला. १९७२ नंतर जन्मलेला एकही नागरिक त्या हिशेबात नाही. रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव्ह या पक्षाच्या लोकांनी हे गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे नेलं. एवढा जुना आकडा धरून उमेदवारावर जमात लिहिण्याची सक्ती करणं हे त्याच्या राजकीय हक्काचं उल्लंघन आहे, असं समितीने २०१२ मध्ये ठरवलं. तो पक्ष आज सत्ताधारी आघाडीत आहे. त्याच्या मंत्र्यांना आमचा सरळ सवाल आहे: आता कोणाची वाट पाहता?

या चार रकान्यांत आपण कुठे आहोत? कोकणातून गिरमिटावर आलेल्या आपल्या खापरपणज्यांनी इथे ऊस तोडला, मराठी जपली. आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. पण घटनेत मराठी हा शब्द नाही, तमिळ नाही, तेलुगू नाही. सगळे 'हिंदू' रकान्यात. तरी तिकीटवाटपाच्या वेळी पक्षांना आपण बरोबर आठवतो: एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी. त्या एका तिकिटासाठी आपली माणसं पुढाऱ्यांच्या दारात ताटकळतात, आणि ते मिळालं की समाजाचं भलं झालं असं आपणच एकमेकांना सांगतो. शाळेत मराठी शिकवायला शिक्षक मिळतो का, पाणी येतं का, मुलांना नोकऱ्या आहेत का, हे त्या माणसाला कोणी विचारत नाही. तो 'आपला' आहे एवढं पुरतं!

सरकारचं सर्वोच्च पदही याच हिशेबाने वाटलं जातं. स्वातंत्र्यापासून हिंदू नसलेला पंतप्रधान एकच झाला, पॉल बेरांझे, २००३ ते २००५. तोही मित्रपक्षाशी झालेल्या करारातून, मध्येच. बाकी सगळा काळ रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांत गेला. बहुसंख्याकांच्या रकान्यात असूनही आपल्या हाती काय आलं, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

आमच्या मुस्लिम, क्रिओल आणि चिनी शेजाऱ्यांची भीती आम्ही उडवून लावत नाही. १९६७ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईच्या रस्त्यांवर रक्त सांडलं, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. स्वातंत्र्याआधीच्या वाटाघाटींत अब्दुल रझाक मोहम्मदांसारख्या मुस्लिम नेत्यांनी हमी मागितली होती, ती रास्तच होती. ती हमी काढून घेऊन वर काहीच देणार नसाल, तर आम्हीही त्याला विरोध करू. पण दुसरी हमी तयार आहे. अल्बी सॅक्स आयोगाने २००२ मध्ये सुचवलं होतं की ६२ जागांखेरीज आणखी ३० जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात द्याव्यात. तसं झालं असतं तर २०२४ ला विरोधी बाकांवर बसायला कोणाची जमात तपासावी लागली नसती. मतांच्या जोरावरच पुरेसे सदस्य आले असते, आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवारयाद्या सर्व समाजांच्या करणं पक्षांना भाग पडलं असतं, कारण मत सगळ्यांचंच लागतं.

आमच्या मागण्या दोन, आणि त्या एकत्रच मान्य व्हायला हव्यात. प्रमाणशीर जागांचा कायदा करा. त्याच कायद्याने उमेदवारी अर्जावरचा जमातीचा रकाना काढा. एक देऊन दुसरी टाळू नका.

येत्या गणेशोत्सवात सर्व पक्षांचे पुढारी आपल्या मंडपात येतील. त्यांना आरतीला उभं करा, प्रसाद द्या, आणि निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष विचारा: या दोन्ही मागण्यांना तुमचा पाठिंबा आहे की नाही? 'पाहू', 'समिती नेमू' हे उत्तर धरू नका. जो नाही म्हणेल त्याला, मग तो आडनावाने मराठी असला तरी, आम्ही मत देणार नाही.

— मॉरिशसचे काही मराठी मतदार